जपलेली गाडी

आमच्या हुपरीत जुनी चांदी घेण्याची एक रीत आहे. मोड, म्हणजे मोडायचे जुने दागिने, विकायला कुणी दारात आला की आधी चांदी बघायची नाही, आधी माणूस बघायचा. त्याला बसवायचं, पाणी द्यायचं, गावाकडचं विचारायचं. माणूस खरा वाटला तर मग मोड कसाला लावायची. वडील असंच करायचे, मीही तसंच करतो. पैंजणांच्या धंद्यात माझं उभं आयुष्य गेलं आणि या रीतीनं मला फारसं फसवलेलं नाही. त्यामुळं मुलीबरोबर जुनी गाडी बघायला नाशिकला जायचं ठरलं, तेव्हा मी तिला म्हटलं, "तू गाडी बघ, मी माणूस बघतो. दोघांतलं एक जण जरी नाही म्हणालं, तरी परत फिरायचं."

तेजू हो म्हणाली. ती कोल्हापूरच्या एका फाउंड्रीत इंजिनिअर होती. तेव्हा नुकतीच तिला रत्नागिरीकडं एका कारखान्यात वरची जागा मिळाली होती. दर शनिवारी संध्याकाळी ती आंबा घाट चढून घरी येणार आणि सोमवारी पहाटे उतरणार, तेही एकटी. माझं म्हणणं, दुकानातून नवी कोरी साधी गाडी घ्यावी आणि विषय संपवावा. तिला हवी होती एक विलायती बनावटीची, टर्बो इंजिनाची, हातानं गिअर टाकायची. ती आता बनतच नाही, म्हणजे घ्यायची तर जुनीच. "घाटात ट्रकला मागं टाकायचं असलं तर पायाखाली ताकद पाहिजे, पप्पा," ती म्हणायची. माझा हिशेब साधा होता. जितकी ताकद जास्त तितके बिघाड जास्त. घाटातला अंधार, मोबाइलला रेंज नाही आणि बॉनेट उघडून उभी असलेली माझी पोरगी, हे चित्र एकदा डोक्यात बसलं ते निघेना. खरं सांगायचं तर नाही म्हणायच्या तयारीनंच मी पिशवी भरली.

तसल्या दोन गाड्या नाशिक भागात विकायला होत्या. एक सिन्नरला, दुसरी पिंपळगाव बसवंतला. म्हणून नाशिक, नाहीतर आम्हाला एवढ्या लांब काही काम नव्हतं.

नाशिक

रात्रभराच्या बसचं वर्णन करत नाही. ज्यांनी असा प्रवास केलाय त्यांना ते नको असतं आणि ज्यांनी केलेला नाही त्यांनी सुखात राहावं. एवढंच सांगतो की बसमध्ये आम्ही पैसे देऊन थंडी घेतली आणि उतरलो तर बाहेर ती फुकट होती. फेब्रुवारीत आमच्याकडं पंखे फिरायला लागतात. इथला रिक्षावाला कानावर मफलर गुंडाळून बसला होता आणि माझ्या अर्ध्या बाह्यांकडं काळजीनं बघत होता.

मुंबई नाक्याजवळच्या लॉजवर आंघोळी उरकून मिसळ खायला गेलो. कोल्हापूरकडच्या माणसानं नाशकात मिसळीबद्दल तोंड उघडायचं नसतं, हे तेजूनं आधीच बजावलं होतं. ताटात मिसळ आली, सोबत दही आणि वर चक्क एक पापड. पापड बघून मला लग्नाच्या पंगतीत बसल्यासारखं वाटलं. आमच्याकडं मिसळ म्हणजे सरळ भांडण असतं, इथं पाहुणचार. वाढपी दर घासाला विचारत होता, "काका, रस्सा देऊ अजून?" मी तोंड उघडलं, पण फक्त 'दे' म्हणायला.

सिन्नर

सिन्नरला एसटीनं गेलो. औद्योगिक वसाहत संपते तिथं पत्र्याच्या कुंपणाआड जुन्या गाड्यांचं आवार होतं. मालक बंटीशेठ, वय तिशीचं, गळ्यात साखळी. साखळी चांदीची नव्हती, हे मी दारातूनच ओळखलं.

"या शेठ, या ताई! डॉक्टरची गाडी आहे बरं का. दवाखाना ते घर, घर ते दवाखाना. टेन्शनच घ्यायचं नाही."

गाडी लाल होती आणि तुपानं माखल्यासारखी चमकत होती. तेजूनं चमक बघितलीच नाही. तिनं बॉनेटवर तळहात ठेवला आणि म्हणाली, "गरम आहे."

"आत्ताच फिरवून आणली ना, खास तुमच्यासाठी."

"मग गार होऊ दे. आम्ही थांबतो."

बंटीशेठचा चेहरा पडला. मला काही कळेना. तेजूनं हळूच सांगितलं की या इंजिनात एक साखळी असते, ती सैल पडली की गार असताना चालू करताच खडखडते. एकदा इंजिन तापलं की आवाज गुडूप. म्हणून विकणारे गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी तापवून ठेवतात. हे ऐकून मला बरं वाटलं. लबाडीच्या बाबतीत आमचा धंदा एकटा नव्हता.

इंजिन गार होईपर्यंत माझं काम सुरू झालं. चहा आला. मी विचारलं, "डॉक्टर कुठले?" बंटीशेठ म्हणाला, "नाशिक रोडचे." दुसऱ्या चहाला डॉक्टर गेले आणि गाडी एका प्रोफेसर मॅडमची झाली. गाडीच्या मागच्या काचेवर तालमीत घाम गाळणाऱ्या एका पैलवानाचं चित्र चिकटवलेलं होतं. त्याबद्दल विचारलं तर तो म्हणाला, "ते असंच लावलंय, शोभेला." खोटं बोलणाऱ्यांची मला चीड येत नाही, पण ज्याला स्वतःचं खोटं लक्षात ठेवायचाही कंटाळा येतो त्याच्याशी व्यवहार कसा करायचा? मी मनात फुली मारली.

तेवढ्यात तेजूनं मला आत बसून ब्रेक दाबायला सांगितला. ती मागं चाकाशी वाकली होती. ब्रेक सापडला. त्याबरोबर आणखीही काहीतरी सापडलं असावं, कारण दारं कुलूपबंद झाली, काचा वर गेल्या आणि गाडी गळा काढून रडायला लागली. एक किल्ली गाडीत अडकली, दुसरी बंटीशेठच्या घरी होती. आवारातली कुत्री जमली. काचेपलीकडून तेजू हातवारे करत होती, "पप्पा, कशालाही हात लावू नका!" मी दोन्ही हात वर करून बसलो. किल्ली येईपर्यंत मी तसाच होतो. कुत्र्यांनी माझ्याइतका स्वस्थ माणूस पाहिला नसावा.

शेवटी गार इंजिन चालू केलं. खडखड झाली, थोडा वेळ, मग थांबली. तेजू खूश झाल्यासारखी दिसली, हे मला विचित्र वाटलं. मग ती गाडीखाली शिरली आणि हात काळे करून बाहेर आली. "साखळी बदलावी लागेल. तेल झिरपतंय. पुढची रबरं गेलीत. बॅटरी संपत आलीय."

"ताई, जुन्या गाडीत एवढं चालायचंच की," बंटीशेठ म्हणाला.

"चालायचंच," ती शांतपणे म्हणाली.

स्टँडवर मी माझा निकाल दिला. "माणूस खोटा. नाही म्हणजे नाही."

"गाडी खोटी नाही, पप्पा."

"ठरलंय ते ठरलंय."

ती नाशिकपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.

पिंपळगाव बसवंत

दुसऱ्या दिवशी दुपारी आग्रा रोडनं पिंपळगावला. ओझर मागं पडलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना द्राक्षांचे मांडव लागतात आणि रस्त्यावर क्रेट लादलेले टेम्पो. हंगाम भरात होता. स्टॉपवर घ्यायला गाडीचा मालक स्वतः आला होता, पिकअप घेऊन. दौलतराव. उन्हानं रापलेला, साठीपलीकडचा, पांढरी टोपी घातलेला बागायतदार. त्यांनी गाडीचं नावही न काढता आधी विचारलं, "जेवण झालं का?" माझ्या मनातल्या कसोटीच्या दगडावर पहिली रेघ चांगली उमटली.

मळ्यात द्राक्षांची काढणी चालू होती. तेजूनं कौतुकानं एका घडाला हात लावला, तर दौलतराव ओरडलेच, "देठाला धर, पोरी! अंगाला नाय हात लावायचा." द्राक्षावर जो पांढुरका मेणासारखा थर असतो, तो बोट लागलं की जातो आणि थर गेला की परदेशातलं गिऱ्हाईक माल परत करतं. म्हणून तिथं सगळे घड देठालाच धरतात. पोरंसोरं, बायका, जाताजाता तोंडात टाकणारा ड्रायव्हरसुद्धा. आमच्याकडं तयार पैंजण असंच फडक्यात धरतात. हा माणूस माझ्याच जातकुळीचा आहे, असं मला वाटलं.

घरी त्यांच्या मंडळी मंदाताई पाणी घेऊन आल्या. धंद्याची खोड म्हणून माझी नजर आधी बाईमाणसाच्या पायांकडं जाते, त्याला इलाज नाही. त्यांच्या बोटांतली जोडवी काळीठिक्कर होती. मला वाईट वाटलं. कुणा सोनारानं भेसळीची चांदी गळ्यात मारली म्हणायची. पण पाहुण्यानं असलं बोलायचं नसतं.

तेजू पेला घेत म्हणाली, "काकू, मी आत येतो, हात धुतो." मंदाताई हसायला लागल्या. "ही पोरगी येतो-जातो काय म्हणती?" मी म्हटलं, "आमच्या कोल्हापूरकडं मुली असंच बोलतात." "बरंय की," त्या म्हणाल्या, "तिच्या वाटंला कोणी जाणार नाय."

गाडी मळ्याच्या टोकाच्या गोडाऊनमध्ये होती. दौलतरावांनी कुलूप काढलं आणि दार उघडताच आतून काडी ओढल्यावर येतो तसा उग्र वास आला. मला धडाधड शिंका आल्या. "द्राक्षाच्या गोडाऊनचा वास हे, काय नाय," ते म्हणाले. आत गारवा होता, फरशी लखलखीत, उंदीर नाही, ओल नाही. मधोमध गोधडी पांघरलेली गाडी. गोधडीही साधी नाही, जुन्या मऊ साड्यांची, घरी शिवलेली. एका भिंतीला खोक्यांची चळत, दुसऱ्या भिंतीला फवारणीच्या औषधांची फळी आणि पिवळ्या पावडरीच्या गोण्या.

"ही निखिलची," दौलतराव म्हणाले. निखिल त्यांचा एकुलता एक. त्यानं इथूनच द्राक्षं परदेशी पाठवायचा धंदा काढला होता, माल या गोडाऊनमध्ये भरायचा. धंदा चांगला चालला तेव्हा हौसेनं ही गाडी घेतली. पुढं हॉलंडच्या एका कंपनीनं त्याला तिकडंच बोलावून घेतलं. "तो गेला तसं ठेवलंय सगळं. त्याचे खोके, त्याची गाडी. मी कशाला हात नाय लावला. दर रविवारी चालू करतो, एक चक्कर मारतो. फोनवर त्याला आवाज ऐकवतो. आता तो म्हणतो, काढून टाका, कोण वापरणारे?" एवढं बोलून ते गोधडीची घडी घालत राहिले. घडी अगदी टोकाला टोक जुळवून.

गाडी करड्या रंगाची, सिन्नरच्या गाडीचीच बहीण, पण कुठं ओरखडा नाही. आत नव्या चपलेसारखा वास. कंपनीत वेळच्या वेळी सर्व्हिसिंग. इंजिन पहिल्या फटक्यात चालू झालं, ना खडखड ना धूर. मागची बाजू बघायला मी औषधांच्या फळीला हात टेकून वाकलो. सगळं छान होतं. माझी नाही म्हणायची तयारी वाया जाणार, असं दिसू लागलं.

मग आम्ही तिघं हायवेला गेलो. तेजूनं गाडी एकदा सोडली आणि माझी पाठ सीटला चिकटली. दौलतराव मागं बसून हसत होते. परत येताना मात्र समोरचे सगळे काटे एकदम शून्यावर पडले आणि क्षणात पुन्हा उभे राहिले.

"हे काय?" तेजूनं विचारलं.

"होतं कधी कधी. दार जोरात आपटलं की येतं परत."

मळ्यात आल्यावर तिनं काडेपेटीएवढी एक डबी गाडीला जोडली. गाडीच्या पोटात काय दुखलंखुपलं ते ही डबी मोबाइलवर सांगते. मोबाइल बघून तिच्या कपाळाला आठी पडली. "कधी वायपर, कधी पंखा, कधी काच. प्रत्येक वेळी दुसरंच काहीतरी बंद पडलंय आणि आपोआप चालू झालंय. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. गाडी पाण्यात गेली असती तर समजलं असतं."

"पाण्यात?" दौलतराव दुखावले. "अहो, पाऊस नाय पडू दिला मी हिच्यावर!"

ते खोटं बोलत नव्हते, हे मी कसाला न लावता सांगितलं असतं.

रात्री राहायचा आग्रह झाला. जेवायला बाजरीची भाकरी, काळ्या मसाल्याची वांगी आणि कांद्याची पात. आमच्याकडं तिखट लाल असतं आणि लगेच ओळख देतं. हे काळं तिखट आधी गप्प बसतं आणि तुम्ही दुसरी भाकरी मोडली की मग बोलतं. अंथरुणावर पडताना मी तेजूला म्हटलं, "माझं हो आहे." तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मला ताप आला असावा.

पिंपळगाव, सकाळी

सकाळी न्हाणीत अंगाला साबण लावताना माझी अंगठी दिसली. साधं चांदीचं वळं, वडिलांनी घडवलेलं. आदल्या दिवशी पांढरं होतं. आता काळं पडलं होतं.

चांदी एका रात्रीत काळी करायला काय लागतं, हे हुपरीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. गंधक. आमच्यात पॉलिशच्या खोलीत गंधक येऊ देत नाहीत. दागिन्यावर मुद्दाम काळपट झाक आणायची असेल तर त्याचंच पाणी वापरतात, तेही वेगळ्या जागी. मी ओल्या अंगानंच विचार करत उभा राहिलो. काल हात कुठं टेकला होता? औषधांच्या फळीला. पिवळी पावडर कसली? द्राक्षाच्या भुरी रोगावर मारतात ती. आणि मंदाताईंची जोडवी? त्यात भेसळ नव्हतीच.

तेजूला घेऊन गोडाऊनमध्ये गेलो. पिवळ्या पावडरीच्या गोण्या गंधकाच्याच होत्या. समोरच्या खोक्यांत कागद होते, काही खोके फोडलेले. द्राक्षं परदेशी जाताना पेटीत घडांवर हा कागद ठेवतात. त्यातून हळूहळू गंधकाचा वायू सुटतो, म्हणून माल सडत नाही. निखिल गेला तसे ते उघडे खोके तिथंच होते. या भिंतीला गंधक, त्या भिंतीला गंधक आणि मधे गोधडीत गाडी. मळ्यातली सगळ्यात कोरडी, सगळ्यात गार, कुलपातली जागा त्या माणसानं तिला दिली होती.

तेजूनं बॉनेट उघडून एका वायरीचा जोड सोडवला. आतलं तांबं काळं. दुसरा सोडवला, तोही काळा. डॅशबोर्डखालचा एक काढला, तेच.

"म्हणून काही कळत नव्हतं," ती म्हणाली. "एक पार्ट गेलेलाच नाही. सगळे जोड थोडे थोडे गेलेत. गाडीत असे शेकड्यानं जोड असतात, पप्पा. आज वायपर थांबेल, उद्या काटे पडतील, परवा इंजिनच. कुठं आणि कधी, ते कुणी सांगू शकत नाही."

"बदलता येतील?"

"अंगातल्या सगळ्या शिरा बदलायच्या म्हटलं तर येतील. पण ही वायरिंग आता मिळत नाही. नाकापेक्षा मोती जड व्हायचा."

बाहेर दौलतरावांच्या चपला वाजल्या. "काय म्हणती गाडी?" त्यांनी लांबूनच विचारलं.

तेजूनं माझ्याकडं पाहिलं. गाडी बघायचं काम तिचं, माणूस बघायचं माझं. हे बोलणं माणसाशी होतं. मला त्या क्षणी हुपरीत, माझ्या पेढीवर, कुठंही असायला आवडलं असतं. मी अंगठी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली.

"काल ही पांढरी होती. तुमच्या फळीला हात टेकला आणि सकाळी काळी झाली."

त्यांनी अंगठी अंगठ्यानं घासून पाहिली. काळं गेलं नाही. त्यांनी गोण्यांकडं पाहिलं, मग खोक्यांकडं, मग तेजूच्या हातातल्या काळ्या तांब्याकडं. द्राक्षवाला माणूस, गंधक काय करतं ते त्याला मी काय सांगणार? कशावर करतं एवढंच त्याच्या मनात आलं नव्हतं. मागं मंदाताई येऊन उभ्या होत्या. त्या आपल्या पायांकडं बघत म्हणाल्या, "मी म्हणते ना, जोडवी कितीबी घासा, दोन दिसांत काळी. झाडलोट करायला मीच येते ना इथं."

"मीच मारली म्हणायची," दौलतराव म्हणाले. "झाडाखाली उन्हातान्हात पडली असती तर बरी राहिली असती."

 मी त्यांच्या तळहातावरची अंगठी उचलून परत बोटात घातली. फार वाईट वाटलं, एवढं खरं.

मग त्यांनी गोडाऊनची दोन्ही दारं सताड उघडली आणि गाडी न्यूट्रलला टाकून ढकलायला लागले. चालू करा, असं कुणीच म्हणालं नाही. आम्हीही हात लावला. गाडी कडुनिंबाखाली येऊन थांबली. थोड्याच वेळात टेम्पो गेला आणि तिच्यावर धूळ बसली. ती पुसायला त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि तसंच परत ठेवलं.

"निखिलला मीच सांगतो," ते म्हणाले. "तुम्ही नका सांगू."

आग्रा रोड

निघताना त्यांनी द्राक्षांची पेटी दिली. हायवेच्या कडेला एसटीची वाट बघत उभे असताना मी तेजूला म्हटलं, "तरी घेऊया का?"

"काय?"

"माणूस सोन्यासारखा आहे. वायरिंगचं बघू हळूहळू. रिकाम्या हातानं निघालो तर त्याला काय वाटेल?"

मी हे बोलतोय यावर माझाच विश्वास बसेना. तीन दिवसांपूर्वी घाटात बंद पडलेल्या गाडीच्या भीतीनं मी घरातून निघालो होतो आणि आता घाटात हमखास बंद पडेल अशी गाडी मुलीच्या गळ्यात घालत होतो, कारण विकणारा मला आवडला होता.

तेजू रागावली नाही. "पप्पा, काकांना बघून मलाही रडायला आलं. पण घाटात काका नसणार, गाडी असणार. सिन्नरच्या गाडीत काय काय बिघडलंय ते मला ठाऊक आहे. चार गोष्टी आहेत, चारही कोल्हापुरात मिळतात, लावून देणारे ओळखीचे आहेत. या गाडीत काय बिघडणार ते देवालाही ठाऊक नाही. मी या गाडीला नाही म्हणतो. ठरल्याप्रमाणं."

"आणि सिन्नरला मी नाही म्हटलंय. ठरल्याप्रमाणं."

"हो. ते तुमच्या हातात आहे."

एसटी आली, गेली. दुसरी आली. मोड घेताना आधी माणूस बघायचा, या रीतीत एक गोष्ट राहून गेली होती. चांदी वितळते. एकदा मुशीत गेली की कुणाची होती हे तिला आठवत नाही, म्हणून माणूस बघून भागतं. गाडी वितळत नाही. ती आहे तशीच मुलीला घेऊन घाटात चढणार.

"चल सिन्नरला," मी म्हटलं.

पुन्हा सिन्नर

बंटीशेठनं आम्हाला बघून दोन्ही हात पसरले. "मला माहीतच होतं! वकिलाची गाडी आहे शेठ, अशी परत मिळायची नाही."

 तेजूनं पुन्हा बॉनेटवर हात ठेवला. या वेळी गार होतं. बहुतेक आम्ही परत येऊ असं त्याला वाटलंच नव्हतं.

व्यवहार उरकला आणि गाडी घेऊन तसेच निघालो. वाटेभर मी मांडीवर द्राक्षांची पेटी धरून इंजिनाकडं कान देऊन बसलो होतो. संगमनेरच्या पुढं चंदनापुरीचा घाट लागला तेव्हा श्वास धरला. गाडी एका दमात वर गेली. चहाला थांबलो तिथं तेजूनं एक घड उचलला, देठाला धरून.

हुपरी

कोल्हापुरात साखळी, रबरं, बॅटरी सगळं बदललं, तेलाचं झिरपणं बंद केलं आणि मगच ती रत्नागिरीला रुजू झाली.

पहिल्या शनिवारी संध्याकाळी मी पेढीवर बसलो होतो, पण लक्ष कामात नव्हतं. ती घाटात असणार आणि फोन लागणार नाही, हे माहीत होतं, तरी दोनदा लावून पाहिला. तिसऱ्यांदा लावणार एवढ्यात तोच वाजला. पिंपळगावहून दौलतराव. सिन्नरची गाडी घेतल्याचं आणि तेजू शनिवारी येणार असल्याचं मी त्यांना कळवलं होतं.

"पोचली का पोरगी?"

"अजून नाही."

"मग मी धरून राहतो."

आणि खरंच ते फोन धरून राहिले. काढणी संपत आल्याचं सांगितलं. निखिलला सगळं सांगून टाकल्याचं सांगितलं. तो रागावला नाही म्हणे, नुसता म्हणाला, भंगारात द्या. "नाय दिली," ते म्हणाले. "उभी हे कडुनिंबाखाली. चालू काय मी करत नाय आता." बोलायचं संपलं, तरी फोन कुणीच ठेवला नाही. पलीकडं मंदाताईंच्या भांड्यांचा आवाज येत होता.

एवढ्यात गल्लीच्या तोंडाशी गाडी वळली. "आली," मी फोनवर म्हटलं. तेजूनं पेढीपुढच्या अंगणात आणून लावली आणि बंद करायला किल्लीला हात घातला.

"बंद करू नका!" फोनवर दौलतराव ओरडले. "राहू द्या जरा. फोन जवळ न्या."

मी फोन बॉनेटजवळ धरला. इंजिन एकसारखं घुमत होतं. तेजू आत तशीच बसून राहिली, माझ्याकडं बघत. थोड्या वेळानं फोनमधून बारीक आवाज आला, "हां. हाच आवाज." आणि त्यांनी फोन ठेवला.

आता दर शनिवारी ते फोन करतात. आणि तेजू आल्यावर गाडी लगेच बंद करत नाही.